मिठगंज

रॉकेल प्यालो तेव्हा मी चार वर्षांचा होतो.
सरबताची बाटली, लेबलावर अर्धं संत्रं,
स्टोव्हमागे, बरोब्बर माझ्या उंचीला.
किती प्यालो, कोणी विचारलं नाही.
आईनं मूठभर मीठ पाण्यात कालवलं,
नाक दाबलं, घशात दोन बोटं घातली,
‘ओक रे दिग्या, ओक’ म्हणत
स्वतःच उमाळे देत राहिली.
आमच्या पेठेचं जुनं नावच मिठगंज.
दृष्ट लागो, दात दुखो, विष जावो पोटात,
मीठ.

मी ओकलो.
‘निघालं सगळं,’ शेजारचे पंडूअण्णा म्हणाले
आणि विडी पेटवली, अंमळ लांब जाऊन.

रात्री छाती भात्यासारखी.
टांग्यातून ससूनला.
तिथंही आधी नळीच घातली, नळीला नरसाळं;
तेव्हा तसंच करत.
मग अठरा दिवस सुया.
पोटात जे गुमान पडून राहिलं असतं
ते वर येताना वाट चुकून फुप्फुसात शिरलं,
हे मला फार उशिरा कळलं.
आईला कधीच नाही.

जिना चढताना अजून
डावी बाजू बारीक शीळ घालते.

गेल्या मार्चात, वारज्यात,
समोरच्या खर्शीकरांकडे रंगकाम.
रंगाऱ्यानं थिनर पाण्याच्या बाटलीत ओतलेलं,
निळं झाकण, घोटभर गार दिसणारं.
दार वाजलं नाही, आपटलं.
‘काका, मनवानं...’
नीरजाचं वाक्य तिथंच राहिलं.
पोरीच्या तोंडाला वास.
रॉकेलचा नव्हे, पण त्याच्याच भावकीतला;
एवढी वर्षं पत्ता शोधत
चौथ्या मजल्यावर आलेला.

खालच्या देवस्थळी वहिनी मिठाचा डबाच घेऊन धावल्या,
एका पायात चप्पल.
नीरजाचा हात पेल्याकडे गेला
आणि मी ओरडलो.
मी कोणावर ओरडत नाही.
‘ओकवायचं नाही!’

भिजलेला फ्रॉक काढला. हनुवटी, मान साबणानं धुतली.
फोनवरच्या बाईंनी विचारलं,
काय, किती, कधी? ओकवलंत का?
‘नाही.’
‘बरं केलंत. बाटली घेऊन या.’

डॉक्टरीण माझ्या धाकट्याहून लहान.
बाटली उजेडात धरून किती उणी ते पाहिलं,
झाकण हुंगलं.
नळी नाही. कोळशाची पूडही नाही,
‘याला ती धरत नाही,’ म्हणाली.
बोटाला लाल दिव्याचा चिमटा लावला
आणि बघत बसली.
‘अहो, काहीतरी करा ना,’ नीरजा.
‘करतेय,’ ती म्हणाली. ‘बघतेय.’

सत्त्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव.
एकदा खोकली मनवा, तेव्हा आम्ही तिघंही उठलो.
बाहेर कर्वे रस्ता रिकामा झाला,
शेवटची मेट्रो वरून गेली, आत दोनच माणसं.
मला एकदम आईचा राग आला
आणि लगेच, ज्यांनी तिला नुसतं बघायला शिकवलं नाही
त्या सगळ्यांचा;
पण त्यांनाही कुठं कोणी शिकवलं होतं.

सगळ्या लग्नांत, बारशांत ती सांगायची,
‘मीठ पाजलं म्हणून वाचला हो माझा दिगंबर.’
मला खरं कळलं तेव्हा ती शहात्तरची.
सांगायलाच गेलो होतो.
तिनं ताट वाढलं, डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ,
मी ते बोटानं उचलून आमटीत घातलं.

पहाटे मनवानं बिस्कीट मागितलं.
चिमटा काढून देईना, लाल बोट तिला आवडलेलं.

डबा आमच्याच ओट्यावर राहिलेला.
परत द्यायला खाली गेलो.
‘लागलंच नाही?’ वहिनी जरा खट्टू.
‘नाही लागलं,’ म्हणालो,
आणि तिसऱ्या पायरीवर थांबून
शीळ ओसरायची वाट पाहिली.