घोडा कोन धुते?

एप्रिल. कूलरच्या टाकीत पाणी नाही,
नुसता खडखडाट. सीताबर्डीवरच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर
मी शिकवते आहे लोखंड अंगावर घातलेल्या माणसांचे नेमधर्म.
बाहेर पंचेचाळीस.
कसं घालत असतील हो, म्हणते मी, आणि मुलं हसतात.

गेल्या चाचणीत चेतस पौनीकरनं
नाइट म्हणजे रात्र समजून लिहिलं होतं:
काळी रात्र घोड्यावरून पडली,
तिनं दया मागितली, आणि पांढऱ्या रात्रीनं ती दिली.
तांबड्या पेनानं खोडायला गेले, खोडवेना.
अर्धा मार्क दिला.

असो. आजचा धडा ब्रीदाचा.
शब्दासाठी आठवडाभर कोश चाळले मी.
क्षात्रधर्माला होमाचा वास येतो,
दाक्षिण्य म्हणजे वरपक्षाला जिलबीचा दुसरा आग्रह,
ब्रीद त्यातल्या त्यात अंगावर बसलं.
तर, पडलेल्यावर वार करायचा नाही.
समोरचा पायउतार झाला तर आपणही उतरायचं.
जिच्यावर जीव आहे तिचं नाव ओठांवर येऊ द्यायचं नाही,
तिची बाही मात्र भाल्याला बांधायची, साऱ्या गावादेखत.
(पुन्हा हसू. मागच्या बाकावर कुणीतरी लाल झालं.)

आणि सरदार होण्याच्या आदल्या रात्री तो न्हातो,
पांढरे कपडे घालतो,
तलवार समोर ठेवून
उजाडेपर्यंत उभा राहतो. सकाळी शपथ.

"मॅडम."
सुकेशिनी गजघाटे. कामठीहून येते, वर्षभरात
हजेरीपलीकडे एक शब्द नाही.
"पडलेला म्हंजे कोन, मॅडम? सरदारच न?
पायी चालनारा तं आधीचाच खाली असते."
थांबली. मग,
"आन् हा रातभर उभा राह्यते,
तवा याचा घोडा कोन धुते?"

पुस्तकात नाही.
लगामाचे खिळे मोजलेले आहेत, खोगिरावरचं भरतकाम
दीड पान आहे. घोड्याला नाव आहे,
तलवारीलासुद्धा.

"माहा पणजोबा धुये. छावनीत मोतद्दार होता.
सदतीस वर्सं. बसला एकडाव बी नाई.
घोडा मेला तं हाच रडला, साहेबाची सुट्टी होती."
मग छप्पनच्या दसऱ्याला कन्हानवर न्हाऊन
उसनं पांढरं धोतर नेसला आणि पायी निघाला नागपूरला,
रात्रभर मैदानात जागला, त्या एवढ्या गर्दीत,
आणि सकाळी उभा राहून, मोठ्यानं बोलला.
बावीस.

"तलवार कुठची असते? पिशवीत खरारा होता त्याच्या.
सवयीनं आनला होता म्हने."

घंटा व्हायची ती झाली नाही.
फळ्यावर ब्रीद लिहिलेलं होतं, सगळे त्याच्याकडे बघत होते,
म्हणून मीही बघितलं. ऱ्हस्व पडला होता माझा.
चेतसनं वहीत काहीतरी खोडलं, वर काहीतरी लिहिलं,
मी विचारलं नाही.

रात्री नणंदेकडून परतताना झिरो माईलपाशी स्कूटर बंद.
ते चार घोडे. पाठी रिकाम्या.
इतकी वर्षं निघालेले, कुठंच न गेलेले.
रस्त्यात कुणी नाही, नुसती रात्र उतरलेली खाली,
आणि महापालिकेच्या टँकरशेजारी एक माणूस
पाइप धरून त्यांच्या माना धूत होता,
कानामागची धूळ बोटानं काढत,
खरं जनावर असावं तसं, "हं, हं" करत.

नाव विचारायचं म्हणून मी जवळ गेले.
त्यानं धार पटकन दुसरीकडे वळवली.
"बाजूनं या, मॅडम," म्हणाला, "भिजान."