साडेसहा मिलिसेकंद

बोदलटोल्याच्या मामा तलावात
दोन हायड्रोफोन सोडलेत, पंधरा मीटर अंतरानं,
बेशरमाच्या काड्यांना बांधून.
बॅटरी ट्रॅक्टरची. ऑसिलोस्कोप कॉलेजचा;
त्याची एक कळ तुटली, तिथं आगपेटीची काडी.

मंगरू वलथरे डोंग्यातून वाकून
पाण्याखाली दगडावर दगड हाणतो.
पडद्यावर दोन हिरवे काटे उठतात,
आधी वरचा, मग खालचा.
मधात साडेसहा मिलिसेकंद.
डावीकडं सरक, मी ओरडतो.
साडेचार. दोन. अजून थोडं.
मग दोन्ही एकदम:
आवाजाची कड सरळ चालत येऊन
दोघांच्या दारात एकाच वेळी पोचलेली.

काय दिसलं जी?
तू, म्हणालो. बरोबर मधात.

तो हसला. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवून
दांडा कानाला लावला, डोळे मिटले.
"तिकडं पाळीखाली मरळ हाय. पिल्लं घेऊन."

माझ्याकडं सपाट रेघ.
गेन वाढवला. अजून वाढवला.
गुरगुरला तो कुणाच्या तरी धानातला
मोटारपंप, पन्नास हर्ट्झ.

वहीत शेवटच्या रकान्यात
'पाळीखाली' एवढंच लिहिलं,
पेन्सिलीनं,
एकक न लिहिता.