नाकासकट

कागद महापालिकेचा, आवाज माझा.
बावीस वर्षं मैदानं पुकारली:
कोण कुणाचा पट्ठा, कुठल्या गावचा, कितीची जोड,
बारा गावांची नावं एका दमात.
आता मैदानं बंद.
इलाही मुजावरच्या रिक्षाला दोन भोंगे बांधलेत
आणि चौगुले डॉक्टरीणबाईंनी हातात दिलंय लिहून:
'नागरिकांनी श्वसनविषयक शिष्टाचाराचे कटाक्षाने पालन करावे.'

बाई, म्हणालो, शिष्टाचार म्हटलं की आमच्याकडं
लोक फेटा बांधून नारळ शोधाय लागतात.
हसल्या. तीन रात्रींची झोप नव्हती डोळ्यांत.
'तुमच्या भाषेत सांगा. वाढवू नका, घटवू नका.
आणि जे आम्हाला अजून कळलेलं नाही
तेही सांगा.'

हे शेवटचं जड गेलं.
भोंग्यावरनं 'माहीत नाही' म्हणायची
जिभेला सवय नव्हती.

ऐका हो मंडळी! ताप नवा हाय.
कुठनं आला, डॉक्टर शोधाय लागल्यात.
औषध अजून हातात न्हाई.
कोण काढा विकतंय, कोण दोरा, त्याच्याकडं पावती मागा.
एवढं मात्र कळलंय, ह्यो गडी श्वासावर बसून येतोय.
खोकला आला तर कोपर वाकवा, त्यात खोका.
खिडक्या उघडा, थंडी वाजली तर घोंगडं घ्या.
गंगावेशीत धार काढाय म्हशी उभ्या राहतील,
पण कट्ट्यावर पेला ज्याचा त्यानं घरनं आणायचा.
आणि मास्क लावा, नाकासकट.
नाक बाहीर ठेवून मास्क म्हंजे
लंगोट डोस्क्याला बांधल्यागत.

ही शेवटची ओळ बाईंनी खोडली.
दुसऱ्या दिवशी त्यांनीच परत लिहून आणली.
'लोक तेवढीच सांगतात एकमेकांना,' म्हणाल्या.

मग आणखी एक ओळ घातली, पेनानं दोनदा गिरवून:
दम लागला, बोलताना वाक्य तुटाय लागलं,
तर सकाळची वाट बघू नका.
थोरल्या दवाखान्यात या. लाजायचं काम न्हाई.

लाजायचं काम होतंच.
तालमीतला शिवतेज पाटणे चार दिवस
माडीवर ताप अंगावर काढत होता,
पोरगं खोकतंय कळलं तर जोड कोण धरणार म्हणून.
वस्ताद त्याला स्वतः घेऊन गेले,
मागनं, दोन हात अंतर ठेवून,
आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात न टाकता.

अकराव्या दिवशी माझं अंग तापलं.
आवाज मोबाइलात भरलेला होता, इलाही तोच फिरवायचा.
मी शुक्रवार पेठेत, मधल्या खोलीत, दार लोटून.
उंबऱ्याबाहेर ताट. पलीकडनं बायको,
'मी हितंच बसलोय, हाक मारा.'
मी म्हणायचो, बरं आहे.
बरं आहे म्हणायला दोनच शब्द लागतात.

संध्याकाळी गल्लीत रिक्षा आली.
खिडकीखालनं माझाच आवाज, भरदार, तेल लावल्यागत.
गंमत म्हणून त्याच्याबरोबर बोलाय लागलो:
ऐका हो मंडळी, ताप नवा...
तो पुढं गेला.
मी 'हाय' शोधत राहिलो.
पुन्हा धरला त्याला, म्हशींपाशी, पुन्हा सुटला.
तो लंगोटापर्यंत पोचला तेव्हा
मी पेल्यावरच बसलेलो.
गल्लीत कोण तरी हसलं.
मग ती दोनदा गिरवलेली ओळ आली
आणि मी गप्पच झालो.
अशी चीत कुणी केली नव्हती मला.

बायकोला हाक मारायची होती.
दार वाजवलं.

इलाहीनं पडदे वर बांधले, दोन्हीकडनं वारा.
त्याचं नाक झाकलेलं, माझं झाकलेलं,
डोळ्यांनीच म्हणाला, बस.
गडबडीत भोंगा बंद करायचा राहिला.
पापाच्या तिकटीला लोक वळून बघत होते,
वर मी ओरडतोय, मागं मी धापतोय.
एका पानवाल्यानं हनुवटीवरचा मास्क
हळूच वर ओढला.

बंद करू का, इलाहीनं विचारलं.
मान हलवली.
राहू दे.