कूस

धायरीच्या केंद्रात नऊ वर्षं
दर दोन तासांनी मी माणसं कुशीवर वळवली.
पाठीला पावडर, टाचांखाली उशी,
आणि सगळं मोठ्यानं, "काका, तोंड उघडा!"
ऐकू कमी येणाऱ्यांत राहून
माझा आवाज कायमचा चढला.

आता रास्ता पेठेत, काचेच्या पेटीपुढे,
रणभिसे सिस्टर ओठांवर बोट ठेवतात:
"हळू. इथं सगळ्यांना ऐकू येतं."

अकराशे ग्रॅम.
माझी अंगठी याच्या दंडात बांगडी म्हणून बसेल
(अंगठी काढून ठेवायची असते, तो भाग वेगळा).
शीर शोधताना मी पुन्हा पहिल्या वर्षाची.
तिकडच्या शिरा दोरीसारख्या वर दिसायच्या
आणि सुई टेकली की पळायच्या.

नवरा म्हणाला, सुटलीस बाई मरणाच्या दारातून.
परवा इथलीही एक पेटी रिकामी झाली.
पुसली. चादर बदलली.
घरी काही बोलले नाही.

निमोणकर बाई रोज दिवेलागणीला विचारायच्या,
"स्वारगेटची गेली का गं?"
"यायचीय अजून," मी म्हणायचे.
शेवटच्या दिवशी सांगितलं, मी चाललेय.
म्हणाल्या, "बरं. मग पुढं जाऊन जागा धर."

रात्री दोनला हात आपोआप उठतात.
खिडकीतून आत घालते.
कूस इथंही बदलायची असतेच,
फक्त दोन बोटांनी.
"काका" तोंडाशी येतं,
गिळते.