मागच्या डाव्या चाकाशी

चीक्टोवागा, मार्चचा शेवटचा शनिवार.
रस्त्याच्या कडेला उरलंसुरलं बर्फ, काळं पडलेलं,
आणि लोरेन झालेव्स्कीच्या ड्राइव्हवेत उभी
दोन हजार बाराची करडी कोरोला,
एक लाख बारा हजार मैल चाललेली.

खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक, एक पेनी, टॉर्च,
लॅबमधल्या डेस्मंडकडून उसना आणलेला कोड रीडर.
थोडी भीडही आणलीय. ती घरी ठेवायची होती.

चुंबक दारांवरून फिरवते. सगळीकडे चिकटतं,
म्हणजे लांबी भरून रंग फासलेला नाही.
पेनी टायरच्या खोबणीत उभी करते, डोकं निम्मं बुडतं.
टायरवर कोरलंय: एकोणीस साल, चौतिसावा आठवडा.
रबराचंही जन्मटिपण असतं.
डिपस्टिक पुसते. तेल काकवीच्या रंगाचं,
पण जळका वास नाही.
कोड रीडर म्हणतो, दोष नाहीत,
आणि कुणी नुकते पुसलेलेही नाहीत.
एवढं सरळ उत्तर मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

माझा मामा बेल्ह्याच्या बाजारात बैल पारखायचा.
ओठ उचलून दात मोजायचा, खुरावर अंगठा दाबायचा,
मग जनावर चार पावलं चालवायला लावायचा
आणि ते चालत असताना
मालकाकडे बघत राहायचा.

मी लोरेनकडे बघते.
गॅरेजच्या दारात, नवऱ्याच्या जाकिटात,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
"युजीनची गाडी. मी फक्त चर्चपुरती न्यायचे."
हे वाक्य सगळेच म्हणतात,
असं डेस्मंडने बजावून ठेवलंय.

चालवून बघते. रेडिओ बंद, काच खाली.
ब्रेक दाबला तर स्टिअरिंग थरथरत नाही.
गिअर चारच, पण न अडखळता पडतात.
उजव्या वळणावर मात्र मागून बारीक आवाज,
झोपेत कुणी दात खावेत तसा.
विमा, पेट्रोल, हिवाळी टायर, अडीनडीला चारशे,
मनात बेरीज चालू आहे.
त्यातून वजा: रात्रपाळीनंतरचा बसथांबा,
पंचेचाळीस मिनिटं, उणे बारा अंश, पाय बदलत.
इथे पारख ढिली पडते. मला कळतं ते.

परत आल्यावर लोरेन वही पुढे करते.
दर ऑइल बदलाची तारीख, मैल, फिल्टरची किंमत सेंटांसकट.
मागच्या पानांवर अक्षर कापरं होत जातं
आणि मग ते तिचं होतं, गोल, ठळक.
तो सांगायचा, ती लिहायची.
शेवटची नोंद ऑक्टोबरची:
*मागचं डावं चाक, आतली बाजू. मिठाने खाल्लंय.
वेल्डिंगला सहाशे. घेणाऱ्याला सांग.*

"सांगणारच होते," ती म्हणते,
"आधी तुला आवडते का ते बघत होते."

ओल्या काँक्रीटवर पाठ टेकून मी आत सरकते.
टॉर्चच्या उजेडात पत्र्याचे पापुद्रे, खारी बिस्किटासारखे.
नखाने खरवडलं, तांबडा भुगा डोळ्यात.
बरोबर त्याच जागी.

मामा उपरण्याखाली समोरच्याची बोटं धरून भाव करायचा.
तोंडाने बोलायचं नाही, म्हणायचा, बैल ऐकतो.
मी हात पुढे केला, हातमोज्यासकट.
तिचे सहा हजार, त्यातून माझे सहाशे वजा,
पाच-चार म्हणणार होते.
तिने माझी बोटं लोकरीतूनच दाबली.
"पाच-दोन," म्हणाली. "वळणावर आवाज येतो ना?
तो वहीत नाही. युजीन गेल्यावर सुरू झाला."

गाडी माझी. वही ती देणार नाही.
पानांचे फोटो काढून घे, म्हणाली, सावकाश.
काढले. एकूण एकतीस.
शेवटच्या पानाचा नाही काढला.