जिवापुरती ओल

माहुलच्या खाडीतला चिखल
तांडेलमामांनी श्रीखंडाच्या डब्यात भरून दिला.
"याला तर मासळीही विटली, पोरी. तू काय शोधणार?"

आठव्या दिवशी प्लेटवर
सोललेल्या कोळंबीच्या रंगाचे ठिपके.
नायट्रिल ही त्यांची रोजची भाकरी.

त्यांचं विकर गाळून, सुकवून
मी टोल्युइनमध्ये सोडलं.
सरांनी बजावलं होतं, पाण्याचा थेंब नको.
तीन आठवडे काही घडलं नाही,
कडू बदामाचा वास तेवढा
हूडमधून ओढणीत, ओढणीतून उशीपर्यंत.

चौथ्या सोमवारी पिपेटमधून निसटला
एक थेंब.
लपवणारच होते मी.
पण शोधलं तर पाणी कुठे दिसेना,
विकरानं ते अंगाभोवती लपेटून घेतलेलं.
आणि दिवेलागणीला फ्लास्कच्या तळाशी
पांढरे, चपटे स्फटिक.
अमाइड.

वहीत लिहिलं: पाणी, अर्धा टक्का.
कारणाच्या रकान्यात
'हात थरथरला'
लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

माटुंग्याच्या फाटकातूनच मामांना फोन लावला.
"डबा धुऊन आणू ना?"
"धुऊ नकोस," ते म्हणाले,
"तळाला असेल अजून कोणी."