ताळा

साध्या कार्डाची मुदत संपत आली होती.
"साध्याला हजार, सोनेरीला तीन," टाय लावलेला पोरगा म्हणाला,
"पण सोनेरीवर वर्षभराच्या खरेदीचे शेकडा दोन परत."
हायवेच्या त्या गोदामात छत इतकं उंच
की आपण 'बघते' म्हटलेलं
वरून खाली यायला वेळ लागतो.

घरी येऊन दुधाच्या वहीचं मागचं पान काढलं.

जास्तीचे दोन हजार. शेकडा दोन.
म्हणजे लाखाचं सामान नेलं की बरोबरी.
लाखाच्या पुढं माझं,
अलीकडं त्यांचं.

डबे माझे सव्वीस.
तेलाचे तीन डबे, तांदूळ पन्नास किलो, तूरडाळ बारा :
महिन्याला दहा हजार सातशे.
ज्वारी धरायची नाही, ती नणंदेकडून शिरोळहून येते.
गूळ मावसदिराच्या गुऱ्हाळाचा.
चटणी तर माझी मीच मे महिन्यात कुटून आणते,
तिला कुठलं कार्ड?
आणि मे धरायचाच नाही, पोरं गावाला जातात.
दिवाळीचाही एक महिना गेला.
राहिले दहा.
एक लाख सात हजार.
परत मिळणार दोन हजार एकशे चाळीस.
त्यातून दोन हजार वजा.

एकशे चाळीस रुपये.
वर्षाचे.

मालक फाउंड्रीतून आले, हात धुताधुता म्हणाले,
"फायदा तो फायदाच की."
पेट्रोल धरलं नव्हतं. ते धरलं असतं
तर वही मिटावी लागली असती.
आणि तो दोन किलो चीजचा ठोकळा?
स्वस्त होता म्हणून आणला,
फ्रीजमध्ये अजून शाळेच्या डस्टरसारखा पडलाय.

खरं सांगायचं तर अडचण वेगळीच होती.
लक्ष्मीपुरीत आदगोंडा अण्णांचं दुकान.
फाउंड्री चार महिने बंद होती तेव्हा
अण्णांनी पोती पाठवली, चिठ्ठीवर आकडा लिहिला
आणि चिठ्ठी तारेला टोचली.
मागितले कधीच नाहीत. मीच फेडले, सात हप्त्यांत.
गोदामाकडं वळले तेव्हापासून
मी त्या रस्त्यानं गाडी जोरात काढते.

मग त्या मंगळवारी,
साबणाच्या रांगेत, समोरून ट्रॉली ढकलत
टोपी घातलेला माणूस आला.
अण्णा.
ट्रॉलीत खोकी छातीपर्यंत.
मी डिटर्जंट वाचायला लागले,
ते फिनेलकडं बघायला लागले.
किती वेळ बघणार फिनेलकडं?

"काय वैनी, तुम्ही बी?"
"तुम्ही बी, अण्णा?"

मग हसलेच. पोट हलेस्तोवर.
"आता घाऊकवाल्यापेक्षा इथं स्वस्त पडतंय,
मी तरी काय करू? हितनं न्यायचं आन् तिकडं इकायचं."
खिशातून काढलं : सोनेरी.
वर त्यांचा फोटो, टोपीशिवाय, ओळखू येईना.

मी वहीतला हिशेब सांगितला. एकशे चाळीस.
अण्णांनी डोळे मिटले. ते असंच करतात,
कॅल्क्युलेटर गल्ल्यात असतो, पोराचा.
"सोनेरी घेऊ नगा. साधं बी घेऊ नगा.
तुमचं सामान माझ्या कार्डावर टाका.
दोनातला एक तुमचा, एक माझा.
टेम्पो माझा हायच."

घरी येऊन पुन्हा मांडलं.
एक हजार सत्तर. फी शून्य. पेट्रोल शून्य.
तीनदा ताळा केला, तिन्हीदा तेच.

पुढच्या मंगळवारी साडेसहाला
मी टेम्पोत पुढं बसले, मांडीवर यादी.
काउंटरवर तोच पोरगा, तोच टाय.
माझं तेल बघितलं, त्यांचा साबण बघितला,
फोटो बघितला, टोपी बघितली.
"मॅडमचं आणि तुमचं एकत्र आहे का?"

"एकत्रच लाव," अण्णा म्हणाले,
"खातं जुनं हाय."